पुण्यात हवामान बदलासाठीचा पैसा आधी कुठे जावा: ओढ्यांत की बसमध्ये?

सहकारनगरकर:
महापालिका हवामान बदलासाठी काय करते, असा विषय निघाला की ई-बस, सौर पॅनल आणि लावलेल्या झाडांचे आकडे पुढे येतात. ओढ्यांचं नाव कुणी काढत नाही. माझं म्हणणं असं की पहिला रुपया ओढ्यांवर खर्च व्हावा.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते आमच्या भागातल्या सगळ्यांनी पाहिलंय. टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. पाऊस प्रचंड होता हे खरं, पण पाण्याला वाट तरी कुठे ठेवली होती? कुठल्याही ओढ्याच्या पुलावर थांबा आणि खाली बघा. पात्राच्या मधोमध ड्रेनेजचे चेंबर, त्यांना अडकलेल्या चिंध्या, फांद्या, प्लास्टिकच्या पिशव्या. एका काठाला सीमाभिंत आत सरकलेली, दुसऱ्या काठाला भराव टाकून केलेलं पार्किंग. थोड्या वेळात धो धो पडणारा पाऊस पुढे वाढणारच आहे. तो या एवढ्याशा फटीतून जाणार कसा?

हडपसरचा प्रवासी:
असहमत. नालेसफाई आणि अतिक्रमण काढणं हे महापालिकेचं नेहमीचंच काम आहे, ते तिने केलंच पाहिजे. पण हवामानासाठी म्हणून वेगळा पैसा असेल तर तो धूर कमी करायला लागावा. २०१९ पासून पीएमपीच्या, म्हणजे आपल्या शहर बससेवेच्या, ई-बस धावतायत. एसी गाडी आणि तिकीट साध्या बसचंच. मला हे या शहरातलं फार मोलाचं काम वाटतं. पण गाड्या पुरत नाहीत. त्यात जून २०२५ मध्ये भाडं वाढलं, आणि नगर रस्त्यावरची बीआरटी, म्हणजे बसची स्वतंत्र मार्गिका, तर उखडूनच टाकली. बस गाड्यांच्या गर्दीत अडकली की माणूस दुसऱ्या दिवशी दुचाकी काढतो, आणि एकदा काढली की पुन्हा बसकडे फिरकत नाही.

पौड रोडवाला:
बस वाढवा, माझी ना नाही. पण लॉ कॉलेज रस्त्यावर संध्याकाळी गाड्या जागेवरच धूर ओकत उभ्या असतात, त्याचं काय? माझी आई तिथे राहते, तिला दमा आहे. सहानंतर खिडकी उघडायची सोय नाही. वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा हा दोनेक किलोमीटरचा रस्ता झाला तर ही कोंडी फुटेल. टेकडी वाचवा म्हणणाऱ्यांनी आमच्या घरातली हवाही बघावी.

सहकारनगरकर:
पौड रोडवाला, आईंचा त्रास खरा आहे, तो कुणी नाकारत नाही. पण कर्वे रस्त्यावर, सिंहगड रस्त्यावर उड्डाणपूल झाले, म्हणून गर्दी हटली का? नवा रस्ता नव्या गाड्यांनी भरतो. वेताळ टेकडीवर मुरणारं पाणी मात्र एकदा गेलं की गेलं. कापलेल्या उतारावरून ते थेट खालच्या वस्त्यांत येणार.

सिंहगड रस्ता:
मी एकतानगरीजवळ राहतो. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला आणि पहाटे पाणी इमारतींत शिरलं. लोक झोपेतून उठून म्हाताऱ्या माणसांना वरच्या मजल्यांवर नेत होते. म्हणून मला नदीकाठ सुधार प्रकल्पाची धास्ती वाटते. ४४ किलोमीटरचे काठ बांधताना पात्र अरुंद होणार नाही, याची खात्री आम्हाला लेखी हवी. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकच होते. पूर आला त्या वर्षी वॉर्डात जाब विचारावा असा माणूसच नव्हता.

सोसायटी सचिव:
एक बारीक पण कामाची गोष्ट. सौर, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण यांतलं एक केलं तर मिळकतकरात ५ टक्के, दोन केली तर १० टक्के सवलत आहे. योजना उत्तम. पण ओळखीच्या एका सोसायटीत पाणी जिरवायचा खड्डा पाहिला: झाकणावर कुंड्या मांडलेल्या, आत गाळ आणि पालापाचोळा, गच्चीवरून येणारा पाइप मधेच तुटलेला. सवलत मात्र दरवर्षी चालू. नवीन काही जाहीर करण्याआधी पावसाळ्यात जाऊन हे खड्डे तपासा.

हडपसरचा प्रवासी:
सचिवांशी सहमत. सहकारनगरकर, एक सांगा. ओढ्यात भराव टाकणाऱ्याला अडवायला पैसा कशाला लागतो? अधिकार आहे, तो वापरायचा. बस मात्र पैशाशिवाय येत नाही.

सहकारनगरकर:
भराव अडवायला पैसा लागत नाही, मान्य. पण चेंबर पात्राबाहेर काढायचे, ड्रेनेजच्या लाइन हलवायच्या, पडलेल्या भिंती मागे घेऊन बांधायच्या, हे फुकट होत नाही. २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली. तिथले ओढे अजून बऱ्यापैकी मोकळे आहेत. निदान तिथे जुन्या नकाशाप्रमाणे हद्दीचे खांब रोवा, बांधकामं उभी राहायच्या आत. ही मागणी आपण दोघं मिळून क्षेत्रीय कार्यालयात देऊ शकतो. येणार का?

हडपसरचा प्रवासी:
येतो. अर्जात बसच्या स्वतंत्र मार्गिकेचाही मुद्दा घाला.

पौड रोडवाला:
खांबांच्या मागणीवर माझीही सही घ्या. टेकडीच्या रस्त्याबद्दल माझं मत बदललेलं नाही.