नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर टाक्यांवरची खपली: काढायची की राहू द्यायची?

काळजीवाहू
बहिणीची ओपन रायनोप्लास्टी (बाहेरून छेद घेऊन केलेली नाकाची शस्त्रक्रिया) होऊन चार दिवस झालेत. दोन नाकपुड्यांच्या मधल्या पट्टीवर बारीक निळे टाके आहेत, नाकात विरघळणारे. बाहेरच्या टाक्यांवर काळपट खपली धरली आहे. कागदावर ‘दिवसातून दोनदा स्वच्छ करून मलम लावा’ एवढंच लिहिलंय. कशाने पुसायचं, किती जोर लावायचा? हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं का? आणि आतल्या टाक्यांचं काय करायचं?

ड्रेसिंगरूम
खपली राहू देऊ नका, पण कोरडी असताना खरवडूही नका. जखमेच्या दोन कडांमध्ये वाळलेलं रक्त बसलं की कडा एकमेकींना नीट टेकत नाहीत आणि तिथे बारीक खाच पडू शकते. शिवाय टाके खपलीत गाडले गेले की काढताना ओढ बसते आणि दुखतं.

साबणाने हात धुवा. कापसाची काडी निर्जंतुक सलाइनमध्ये (मिठाच्या पाण्यात) भिजवून खपलीवर मिनिटभर नुसती टेकवून ठेवा. खपली मऊ झाली की काडी टाक्यांच्या रेषेवरून हलकेच फिरवत न्या, घासू नका. काडी आडवी ओढली तर टाक्याचं टोक कापसात अडकतं. खपली पहिल्या वेळी पूर्ण निघाली नाही तर सोडून द्या, संध्याकाळी निघेल. मग गॉजने टिपून कोरडं करा आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम तांदळाच्या दाण्याएवढं, नव्या काडीने लावा. पातळ थर पुरतो, जाड थरात धूळ चिकटते. ट्यूबचं तोंड जखमेला लागू देऊ नका. नाकावरचा स्प्लिंट (आधाराचा कडक साचा) या सगळ्यात ओला होता कामा नये.

फार्मसीवाला
पेरॉक्साइडबद्दल मतभेद आहेत ते उगाच नाहीत. त्याचा फेस वाळलेलं रक्त सोडवतो हे खरं, पण भरून येणाऱ्या नव्या पेशींनाही तो मारतो. सर्जननी स्पष्ट सांगितलं असेल तरच ३ टक्क्यांच्या द्रावणात तेवढंच उकळून गार केलेलं पाणी मिसळा, चिकट रक्तापुरतं वापरा आणि वर सलाइनने पुसा. रक्त गेलं की बंद. माझं मत विचाराल तर सलाइन आणि थोडा धीर एवढ्यावर भागतं.

मलमात निओमायसिन हे प्रतिजैविक आहे का ते वाचा. काहींना त्याची ॲलर्जी येते: मलम लागतं तेवढ्याच भागात लाली, खाज, बारीक पुरळ. लोक त्याला जंतुसंसर्ग समजतात आणि तेच मलम आणखी लावतात.

ड्रेसिंगरूम
आतल्या टाक्यांसाठी सलाइनचा स्प्रे, जागेपणी दर दोन-तीन तासांनी. घरी करायचं तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, आणि रोज ताजं. नळाचं पाणी थेट वापरू नका. काडी कापसाच्या टोकापलीकडे आत घालायची नाही. लोंबणारा धागा ओढू नका, फार टोचत असेल तर डॉक्टर कापून देतील. हे टाके साधारण एक ते तीन आठवड्यांत सुटतात, त्यामुळे रुमालावर धाग्याचा तुकडा दिसला तर घाबरू नका. सर्जन परवानगी देईपर्यंत नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं.

काळजीवाहू
टाक्यांच्या वरची कातडी जराशी जांभळट वाटते. साधी सूज असेल का?

प्लास्टिक_ओटी
हे अंदाजावर सोडू नका. चांगल्या उजेडात फोटो काढून आजच सर्जनना पाठवा. मधल्या पट्टीवर छेद घेताना तिथून वर जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या कापल्या जातात. पुढे नाकाच्या शेंड्याची कातडी मुख्यतः बाजूंनी येणाऱ्या रक्तावर जगते. म्हणूनच निकोटिन इतकं धोक्याचं: सिगारेट असो, व्हेप असो की पॅच, रक्तवाहिन्या आकसतात आणि छेदाची कड काळी पडू शकते. शेंड्यावर बर्फ ठेवू नका, चिकटपट्टी स्वतः आवळू नका.

जांभळटपणा वाढत गेला, कातडी राखाडी, काळी किंवा पांढरीफटक झाली तर लगेच फोन, मग रात्र असली तरी. वाढती लाली, पू, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, यासाठीही तसंच. नाक अचानक जास्त चोंदून आतून ठणकायला लागलं तर दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यात रक्त साठलेलं असू शकतं. ते वेळेत काढलं नाही तर कूर्चा खराब होते.

काळजीवाहू
फोटो पाठवला. त्यांनी संध्याकाळी दाखवायला बोलावलंय. टाके निघाल्यावर काय?

प्लास्टिक_ओटी
बाहेरचे टाके बहुधा पाचव्या ते सातव्या दिवशी काढतात. उशीर झाला तर टाक्यांचे ठिपके उमटतात, म्हणून ती तारीख चुकवू नका. छेद पूर्ण मिटला, कुठेही ओल नाही, अशी खात्री झाल्यावरच सर्जनना विचारून व्रणासाठी सिलिकॉन जेल, दिवसातून दोनदा, दोन-तीन महिने. उघड्या जखमेवर ते लावायचं नाही. व्रण काही महिने गुलाबी राहतो, पूर्ण निवायला वर्षही लागतं. तोवर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन लावा, कारण ऊन लागलं की कोवळा व्रण गडद होतो. मालीश सर्जननी सांगितल्याशिवाय सुरू करू नका.