ओपन ॲक्सेस निबंध जपणं ही लेखकाचीही जबाबदारी आहे

निळीशाई
"निबंध ओपन ॲक्सेसमध्ये, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या जर्नलात, छापून आला, म्हणजे आता कायमचा सगळ्यांसाठी खुला," असं संशोधक सर्रास म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. आज फुकट वाचता येणं वेगळं आणि वीस वर्षांनी सापडणं वेगळं. लाक्सो, मॅथियास आणि यान यांचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. २००० ते २०१९ या काळात १७४ ओपन ॲक्सेस जर्नलं इंटरनेटवरून नाहीशी झाल्याचं त्यांना आढळलं. त्यातली बरीचशी अभ्यासक-संस्थांची किंवा संशोधन-संस्थांची होती. अशा ठिकाणी सगळा गाडा दोन-तीन माणसं ओढत असतात. संपादक निवृत्त होतात, डोमेनचं नूतनीकरण राहून जातं, सर्व्हर बदलताना जुने अंक हलवायला कुणी नसतं. वर्गणीच्या जर्नलाची निदान ग्रंथालयांना चिंता असते, त्यांनी पैसे मोजलेले असतात. फुकट जर्नल बंद पडलं तर तक्रार करणारा गिऱ्हाईकच नसतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की निबंध स्वीकारला गेला त्याच दिवशी लेखकाने आपली प्रत रिपॉझिटरीत, म्हणजे निबंध साठवणाऱ्या ऑनलाइन भांडारात, ठेवावी, जर्नल खुलं असलं तरीही. भौतिकशास्त्रातले लोक १९९१ पासून आर्काइव्ह (arXiv) या रिपॉझिटरीत निबंध ठेवत आलेत. बाकीच्यांसाठी २०१३ पासून झेनोडो आहे, तिथे कुठल्याही विषयाचा निबंध चालतो. सोय नाही ही सबब आता उरलेली नाही.

ग्रंथपेटी
ग्रंथालयात काम करते, म्हणून स्पष्टच सांगते: तुम्ही दोन वेगळी कामं एकत्र करताय. ओपन ॲक्सेसचे पुरस्कर्ते हार्नाड यांनी १९९४ साली लेखकांना आपले निबंध स्वतः नेटवर ठेवायला सांगितलं ते वाचकाची अडवणूक थांबावी म्हणून. जतन हा त्यामागचा हेतू नव्हता. जतन म्हणजे एकाच फायलीच्या अनेक प्रती, वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या संस्थांच्या ताब्यात, आणि एखादी प्रत बिघडली नाही ना हे चेकसमने, म्हणजे फायलीवरून काढलेल्या पडताळणी-आकड्याने, पुन्हा पुन्हा तपासणं. स्टॅनफर्डने लॉक्स या जतन-जाळ्याचं काम १९९९ मध्ये याच विचाराने सुरू केलं. त्यातूनच पुढे क्लॉक्स हा जर्नलांचा जतन-संग्रह उभा राहिला. प्रत्यारोपणावरचं 'ग्राफ्ट' हे जर्नल बंद झाल्यावर २००८ मध्ये क्लॉक्सने त्याचे अंक सगळ्यांना खुले केले. त्यासाठी एकाही लेखकाला काही करावं लागलं नाही.

शिवाय जर्नल म्हणजे सुटे निबंध नव्हेत. संपादकीयं, वाचकांची पत्रं, दुरुस्त्या, एखाद्या निबंधावर झालेला वाद हे कुठला लेखक आपल्या खात्यात ठेवणार आहे? शंभर लेखकांच्या शंभर प्रती गोळा केल्या तरी त्यातून एक अंक उभा राहत नाही.

निळीशाई
अंकाचा मुद्दा मान्य. पण क्लॉक्समध्ये जे जर्नल गेलं तेच वाचलं, न गेलेल्यांचं काय? मार्टिन ईव्ह यांनी २०२४ साली डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) असलेले सुमारे ७४ लाख निबंध तपासले. त्यातल्या २० लाखांहून अधिक निबंधांचा मोठ्या जतन-संग्रहांमध्ये मागमूस नव्हता. डीओआय आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण डीओआय फक्त पत्ता सांगतो. घरच पडलं तर पत्त्याचा उपयोग काय?

कोरापान
पीएचडी करतोय, म्हणून खालच्या बाजूने बोलतो. लेखकाने करावं म्हणजे शेवटी कोण करणार? कंत्राटावरचा, दर दोन वर्षांनी संस्था बदलणारा माणूस. आणि ठेवायची कुठली प्रत? प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीचा मसुदा), स्वीकृत मसुदा की छापील? काही प्रकाशक मसुद्यावर वर्षभराची बंदी घालतात, ती अट कराराच्या कुठल्या कलमात दडली आहे हे शोधण्यात दिवस जातो. कंटाळून लोक रिसर्चगेट या संशोधकांच्या संकेतस्थळावर टाकून मोकळे होतात. ती खासगी कंपनी आहे. २०१७ मध्ये प्रकाशकांचा दबाव आल्यावर तिथल्या कितीतरी निबंधांची दारं बंद झाली.

सगळ्यात गंभीर प्रश्न मागे घेतलेल्या निबंधांचा. जर्नल आपल्या पानावर 'मागे घेतला' असा शिक्का मारतं. रिपॉझिटरीतल्या प्रतीवर तो कोण मारणार? वैद्यकातला चुकीचा निबंध असा सुटा फिरत राहिला तर नुकसान माणसांचं होतं.

तिसरीओळ
मी लेखकांकडून शुल्क न घेणाऱ्या एका छोट्या जर्नलाचं संपादन करतो. आमच्यासारखी असंख्य जर्नलं ओजेएस या जर्नल चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालतात, आणि ते बनवणाऱ्या पीकेपी या प्रकल्पाचं स्वतःचं जतन-जाळं आहे, ओजेएस-जर्नलांना फुकट. प्लगइन चालू करायचं, अटी मान्य करायच्या, झालं. तरी कितीतरी संपादकांना याची खबर नाही. लेखकांना कर्तव्य सांगण्याआधी निबंध पाठवताना त्यांना एक प्रश्न विचारायला शिकवा: तुमचं जर्नल कुठे जतन होतं? असे प्रश्न आले की संपादक हलतात. आणि परवाना सीसी-बाय (लेखकाचं नाव दिलं की निबंध कुणीही वापरावा असा) असेल तर प्रत कुणीही ठेवू शकतो, मग ओझं लेखकावरच का?

निळीशाई
कारण परवान्याने हक्क मिळतो, फाईल मिळत नाही. जर्नल गेल्यावर ती फाईल हमखास असण्याची शक्यता असलेला माणूस लेखकच. आणि कोरापान, सीसी-बाय असेल तर छापील प्रतच डीओआयसकट ठेवता येते, बंदीचा आणि आवृत्तीचा गोंधळ तिथे उरत नाही. मग स्वीकृतीच्या दिवसाचाही माझा आग्रह नाही, छापून आल्यावर ठेवली तरी चालेल. मागे घेतलेल्या निबंधांवर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. रिपॉझिटरी आणि जर्नल यांच्यात तशी सूचना आपोआप जायला हवी.

ग्रंथपेटी
ठेवू नका असं मी म्हणतच नाही. पण ठेवल्यावर 'जतन झालं' म्हणू नका. संस्थांच्या रिपॉझिटऱ्याही सॉफ्टवेअर बदलताना दुवे तोडतात, निधी आटला की बंद पडतात. तुमची प्रत जिथे आहे त्या रिपॉझिटरीची दुसरी प्रत कुठे आहे, हे इथल्या किती जणांनी आपल्या ग्रंथपालांना विचारलंय?