रस्त्यावर फोटो काढताना पोलिसांनी 'डिलीट कर' म्हटलं तर?

नीलमोहर:
आमच्या फोटो क्लबातल्या नवीन मंडळींसाठी एक पानी टिपण करते आहे. मुंबईपुरतंच : फोर्ट, मरीन ड्राइव्ह, भायखळ्याच्या गल्ल्या. पोलीस हटकतात तेव्हा बोलणं साधारण एकाच क्रमाने जातं. 'परमिशन आहे का', मग 'फोटो दाखव', मग 'डिलीट कर', नाहीतर 'कॅमेरा दे आणि ठाण्यात चल'. यातलं कायद्याने नक्की काय करता येतं आणि काय नाही? जमलं तर नव्या संहितांमधली (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय न्याय संहिता) कलमं द्या. इंटरनेटवर अजून जुन्या कायद्यातले ४१अ आणि १४४ असेच आकडे फिरतात.

खालची_कोर्ट:
सार्वजनिक रस्त्यावरून स्वतःच्या हौसेसाठी फोटो काढायला परवानगी लागते, असा सरसकट कायदा नाही. त्यामुळे परवानगीबद्दल विचारलं तर 'कुठल्या आदेशाने बंदी आहे?' एवढंच शांतपणे विचारावं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (जुनं १४४) मनाई आदेश निघालेला असू शकतो. तो लेखी असतो, एरवी दोन महिन्यांपलीकडे चालत नाही, आणि त्याचा क्रमांक व तारीख विचारता येते.

खरी अडचण येते ती शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ मुळे. त्यातल्या 'निषिद्ध ठिकाणा'च्या व्याख्येत नौदलाची आस्थापना आणि जहाजंही येतात. शहीद भगतसिंग मार्गावर लायन गेटसमोर उभं राहून नौदलाच्या गोदीकडे लांब लेन्स रोखली, तर पोलिसांनी विचारणं साहजिक आहे. तिथे वाद घालू नका. पण हाच कायदा कुठेही लावता येत नाही. पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढल्याच्या वर्ध्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं, की पोलीस ठाणं 'निषिद्ध ठिकाणा'च्या व्याख्येत बसत नाही.

सीएसएमटीची इमारत समोरच्या फुटपाथवरून टिपणं वेगळं आणि फलाटावर जाणं वेगळं. आत रेल्वेची हद्द. बाहेर जायला सांगूनही थांबलात तर रेल्वे कायद्याचं कलम १४७ लागू शकतं.

नाव-पत्ता मात्र खरा सांगा. तुमच्या हातून पोलिसासमोर अदखलपात्र (एरवी वॉरंटशिवाय अटक होत नाही असा) गुन्हा घडल्याचा आरोप असेल आणि तुम्ही नाव सांगायला नकार दिलात, तर तेवढ्यावरून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९ खाली अटक होऊ शकते.

मुद्देमाल:
'डिलीट कर' याबद्दल मला कळकळीने सांगायचंय, कारण चांगली चांगली माणसं इथेच चुकतात. फोटो पुसायला लावण्याचा अधिकार पोलिसांना देणारं कलमच नाही. फोटोत गुन्हा असेल तर तो पुरावा आहे, तो जसाच्या तसा जप्त व्हायला हवा. गुन्हा नसेल तर पुसायचं कारणच उरत नाही. पुरावा म्हणून लागू शकणारी इलेक्ट्रॉनिक नोंद ती पुढे येऊ नये म्हणून नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. पुसायला सांगणाऱ्याला नम्रपणे म्हणा : 'साहेब, यात काही गैर वाटत असेल तर पंचनामा करून जप्त करा, मी पुसणार नाही.' बऱ्याचदा प्रकरण इथेच थांबतं, कारण पंचनामा म्हणजे लिखापढी.

जप्तीचा अधिकार खराच आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६ (जुनं १०२). पण त्यासाठी गुन्ह्याचा संशय लागतो, आणि जप्तीची खबर दंडाधिकाऱ्यांना विनाविलंब द्यावी लागते. पंचनाम्यात हे आलंय का ते सही करण्याआधी बघा : बॉडी आणि लेन्सचे सिरियल नंबर, कार्डाची कंपनी आणि क्षमता, कार्ड कॅमेऱ्यात होतं की वेगळं, वेळ, दोन पंचांची नावं. 'एक काळा कॅमेरा' एवढंच लिहिलेलं असेल तर परत घेताना दुसरी लेन्स हातात पडली तरी भांडता येत नाही. कार्डाची हॅश व्हॅल्यू (आतला मजकूर बदलला तर बदलणारा ओळख-आकडा) नोंदवण्याची विनंती लेखी करा. वस्तू परत मिळवायला न्यायालयात मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करायचा, सुपूर्दनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन) मिळतो.

आणखी एक : पोलिसाने पट्टा धरला तर ओढाओढी करू नका. तो झटका न्याय संहितेच्या कलम १३२ (जुनं ३५३, सरकारी नोकरावर हल्ला) मध्ये बसवला जातो, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कॅमेरा जाऊ द्या, कागद मागा.

लेन्सकॅप:
वरच्यांशी सहमत, पण 'फोटो दाखव' यावर माझं मत जरा वेगळं. दाखवण्याची सक्ती तिथल्या तिथे नसते. वस्तू हजर करायचा लेखी आदेश नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली निघतो. तरीही पट्टा गळ्यातच ठेवून, कॅमेरा आपल्याच हातात धरून स्क्रीनवर चार फोटो दाखवले तर बहुतेक शंका तिथेच मिटते. कुणा बाईने तक्रार केली असेल तर गोष्टच वेगळी. मग न्याय संहितेची ७७ ते ७९ कलमं (चोरून बघणं किंवा चित्रण, पाठलाग, स्त्रीच्या लज्जेचा अपमान) येतात आणि पोलीस तक्रारीवर काम करत असतात.

जबरदस्तीने पुसलेच गेले तर पुढची एकही फ्रेम काढू नका. डिलीट केल्यावर फाइलची फक्त नोंद जाते, नवीन फोटो त्या जागेवर बसला की संपलं. कॅमेरा बंद करा, कार्ड काढा, एसडी असेल तर कडेची छोटी पट्टी लॉककडे सरकवा. घरी 'फोटोरेक' हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवा, सापडलेल्या फाइल दुसऱ्या डिस्कवर साठवा, त्याच कार्डावर नाही. फोनचं तसं नाही, 'नुकतेच हटवलेले' मधूनही गेलं की परत आणणं जवळपास अशक्य. फोनला क्लाउड बॅकअप चालू ठेवा.

नीलमोहर:
आणि ट्रायपॉड? शिवाय ठाण्यात नेलंच तर?

खालची_कोर्ट:
पायवाटेवर लोकांना अडथळा झाला तर न्याय संहितेचं कलम २८५, ५,००० रुपयांपर्यंत दंड. म्हणून पाय आखडून कठड्याला टेकवून लावा. जाहिरात किंवा प्री-वेडिंगसारखं व्यावसायिक काम असेल तर त्या जागेची परवानगी आधी काढा.

ठाण्यात नेताना आधी विचारा : 'मला अटक आहे का?' अटक असेल तर कारण सांगणं बंधनकारक आहे (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७), आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. अटक नसेल तर त्याच संहितेच्या ३५(३) ची (जुनं ४१अ) हजर राहण्याची लेखी नोटीस मागा. ठाण्यात पोचल्याची आणि निघाल्याची वेळ लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये ठाण्यांत आवाजासह सीसीटीव्ही लावून चित्रण १८ महिने ठेवायला सांगितलंय. नंतर तक्रार करायची झाली तर त्याच वेळेचं चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज दुसऱ्याच दिवशी द्या आणि पोच घ्या.