दिवाळीच्या सुटीत धर्मग्रामातर्फे चिपळूणला घरदुरुस्तीसाठी जावे का?

पश्चिमकिनारा (ऑक्टोबर २०२१)

नमस्कार. आम्ही वसई परिसरातील एका धर्मग्रामाच्या (म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या भाविकांच्या समूहाच्या) तरुण मंडळाचे सदस्य आहोत. २२ जुलैच्या महापुरानंतर चर्चमध्ये जमलेल्या वर्गणीतून धान्य आणि चादरी लगेच पाठवल्या होत्या. आता चाळीस जणांनी दिवाळीच्या सुटीत आठ दिवस चिपळूणजवळच्या एका वाडीत राहून घरे दुरुस्त करण्यास हातभार लावावा, असा फादरांचा विचार आहे. आमच्यातील दोघांना सुतारकाम येते आणि एक जण वायरमन आहे. बाकीचे कॉलेजात शिकणारे किंवा कार्यालयात बसून काम करणारे आहेत. अशा लोकांचा तिथे खरोखर उपयोग होतो का, की आम्हीच त्यांच्यावर भार होऊ? दुसरी शंका जरा नाजूक आहे. चर्चची माणसे म्हटल्यावर धर्मांतराचा संशय घेतला जाईल, अशी काही पालकांना भीती वाटते. त्याबाबत कसे वागावे?

वाशिष्ठीकाठ

आपण आधी विचारून येत आहात, याबद्दल आभार. जुलै-ऑगस्टमध्ये न विचारता आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग आमच्या शाळेच्या व्हरांड्यात कित्येक दिवस भिजत पडले होते आणि शेवटी ते आम्हालाच उचलून टाकावे लागले.

आता घरांची स्थिती सांगतो. आमच्याकडच्या भिंती बहुतांशी चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, आणि चिरा पाणी पितो. बाहेरून भिंत कोरडी दिसते, पण हात लावला की गारवा कळतो. अशा भिंतीला ज्यांनी घाईघाईने सिमेंटचा गिलावा केला, त्यांच्याकडे आता पोपडे सुटू लागले आहेत. आमच्या शेजारच्या घरात गणपतीसाठी ओटीची भिंत तेवढी रंगवून घेतली होती. माजघर आणि मागच्या दोन खोल्यांत पाण्याची रेघ अजून माझ्या डोक्याच्या वर दिसते. त्यामुळे तुम्ही आल्या आल्या गिलावा करू नका. फुगलेला जुना गिलावा खरवडून काढणे, पडवीची कौले हातोहात उतरवणे, कौलांखालच्या कुजलेल्या लाकडी रिपा बदलणे, वाळू-खडी वाहणे ही कामे भरपूर आहेत आणि ती करायला माणूस मिळत नाही. गवंडी महिन्याभराने का होईना येतो, पण त्याच्या हाताखाली बिगारी नसतो. तुमच्या वायरमनला मात्र एक दिवसही रिकामा बसू देणार नाही, कारण स्विचबोर्ड उघडला की आतून अजूनही वाळलेल्या गाळाची पूड गळते.

धर्माबद्दल माझे मत सरळ आहे. आपण चर्चचे आहात हे लपवू नका आणि ते सांगतही फिरू नका. सकाळची प्रार्थना मुक्कामाच्या जागी करावी, कोणाच्या ओटीवर नको, आणि मदतीच्या पिशवीत पुस्तिका मुळीच नको. येण्यापूर्वी फादरांनी सरपंचांना आणि वाडीतल्या चार जाणत्या माणसांना स्वतः भेटावे. २००५ च्या पुरातही निरनिराळ्या धर्मांची माणसे येऊन राबून गेली. त्यांच्या देवाचे नाव कोणी विचारले नाही, पण जेवलात का, हे सगळ्यांनी विचारले.

निवृत्त अभियंता, लातूर

वरील सूचनांशी मी सहमत आहे, तरी एक भर घालतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात मी काही वर्षे काम केले. अनेक संस्थांनी गावेच्या गावे दत्तक घेतली आणि मनापासून घरे बांधली. परंतु आखणी करताना घरातल्या बाईला कोणी फारसे विचारले नाही. गोठा कुठे, कडबा कुठे, चूल कुठे, याचे उत्तर नकाशात नव्हते, आणि पुढे लोकांनी त्या नेटक्या घरांना पत्र्याच्या शेडी जोडल्या. याउलट, जी दगड-मातीची घरे भूकंपात न पडता उभी राहिली होती, ती मजबूत करताना भिंतीच्या दोन थरांना आरपार बांधणारे दुवे कसे घालायचे, हे गावच्याच गवंड्यांना शिकवले गेले. ते कौशल्य गावात राहिले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, चाळीस जण नेऊ नका. बस, जेवण आणि मुक्काम यांवर होणाऱ्या खर्चातून पंधरा जण न्या आणि उरलेल्या रकमेतून स्थानिक गवंड्याला पूर्ण रोजंदारी द्या. मुलांनी त्याच्या हाताखाली काम करावे. फुकट काम करणारी फौज पाहून त्याने दर पाडून घ्यावा, असे होता कामा नये. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक घरी जाऊन आधी काय हवे ते विचारा, आणि ते घरातल्या बाईला विचारा.

पश्चिमकिनारा

दोन्ही उत्तरे काल मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवली. चाळीसऐवजी सोळा जण जायचे ठरले आहे, आणि नाव गळाल्यामुळे काही जण रुसले आहेत. फादर आणि आम्ही दोघे येत्या रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) आटोपून तिकडे येऊ आणि वाडीत भेटी घेऊ. मुलांसोबत काय द्यावे, एवढे कृपया सांगावे.

वाशिष्ठीकाठ

गिलावा खरवडताना उडणारी धूळ वाईट असते, म्हणून मास्क आणि डोळ्यांना चष्मे अवश्य द्या. गमबूट आणि जाड हातमोजे द्या, हॅलोजनचे दोन दिवे आणा. पाव आणू नका. भाकरीची सोय आमच्याकडे आहे. रविवारी दुपारी जेवायला आमच्याकडेच या, माजघर सोडून बाकी घर बसण्याजोगे झाले आहे.