१८ वर्षांनी पुन्हा बोलिंग, जुनाच बॉल वापरू का?

परतलेला_गडी
मंडळी, क्रिकेटचं नाही, दहा पिनांच्या बोलिंगचं विचारतोय. एके काळी आठवड्यातून तीनदा खेळायचो, लीगमध्ये १७८ची सरासरी होती, मग नोकरी, बदल्या, मुलं आणि सुटलं ते सुटलंच, १८ वर्षं. परवा मुलीने हट्ट धरला म्हणून गेलो, तीन गेम खेळलो, ११२, १२६ आणि ९८. स्कोअरचं एवढं नाही वाटलं पण दुसऱ्या दिवशी दाराची कडी सरकवताना अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत कळ यायची. तरी शेवटच्या फ्रेममध्ये (म्हणजे गेमच्या दहाव्या पाळीत) एक बॉल असा सुटला की हातातून निघतानाच कळलं, दहाच्या दहा गेल्या आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. माझा जुना रिअॅक्टिव्ह (लेनवर जास्त वळणारा) बॉल आहे, १५ पौंडी, फिंगरटिप ड्रिलिंग, म्हणजे बोटं पहिल्या पेरापर्यंतच आत जातात. तोच काढू का? आणि सुरुवात कुठून करू?

तेलकट_लेन
दादा आधी हात मोजून घ्या, बाकी सगळं नंतर. १८ वर्षांत अंगठा तोच राहत नाही, भोक सैल झालं की बॉल पडेल या भीतीने आपण नकळत आवळून धरतो, आणि तुमची कळ बहुतेक त्या आवळण्याचीच आहे. घरी बघायचं तर अंगठा पूर्ण आत घाला आणि दोन्ही बोटं भोकांवर नुसती आडवी टेका. पहिल्या पेराची रेघ भोकाच्या जवळच्या कडेला यायला हवी, अलीकडेच राहिली तर स्पॅन, म्हणजे अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांमधलं अंतर, लांब आहे. जुनी भोकं बुजवून नवीन ड्रिल करता येतात, बॉल टाकायची गरज नाही. दुसरं म्हणजे त्याला चौथं भोक आहे का बघा, त्या काळी बॅलन्स होल, म्हणजे बोट न घालायचं, बॉलचं वजन साधायला केलेलं भोक, सर्रास असायचं. अमेरिकेच्या यूएसबीसीने (तिथली बोलिंगची नियामक संघटना) १ ऑगस्ट २०२० पासून न वापरायची भोकं बंद केलीयेत, लीग त्यांच्या नियमांवर चालत असेल तर ते बुजवावं लागेल. आणि बोटांच्या दोन भोकांमधल्या ब्रिजवर नख फिरवा, पडून राहिलेल्या बॉलला तडा गेला तर बऱ्याचदा तिथेच जातो.

सात_दहा
मी तर म्हणेन महिनाभर तो बॉल काढूच नका. सेंटरचा १२ किंवा १३ पौंडी घ्या आणि सरळ टाका. वजन कमी केलं म्हणजे कमीपणा नाही, हात मोकळा झुलला पाहिजे. पिना ६० फुटांवर आहेत पण लेनवर आखलेले बाण फाउल लाइनपासून (बॉल टाकताना ओलांडायची नाही ती रेघ) साधारण १५ फुटांवर, नजर बाणावर ठेवा. आणि स्ट्राइकच्या (पहिल्याच बॉलला दहाही पिना) मागे लागू नका हो, प्रत्येक फ्रेममध्ये ९ पाडून स्पेअर केला (उरलेली दुसऱ्या बॉलला पाडली) तर एकही स्ट्राइक नसताना १९० होतात! तुमच्या जुन्या सरासरीच्या वर. माझा सगळा सराव फक्त दहा नंबरच्या, म्हणजे मागच्या रांगेतल्या उजव्या कोपऱ्यातल्या पिनेवर असतो, उजव्या हाताच्या माणसाला तीच सगळ्यात जास्त छळते.

डावा_पाय
दोघांनी हाताचं सांगितलं, मी पायाचं सांगते. ११ वर्षांनी परतले तेव्हा जुनेच शूज घातले, तळ कडक झालेला, शेवटच्या पावलाला डावा पाय सरकायच्या ऐवजी जागच्या जागी चिकटला आणि सगळा झटका गुडघ्यात, सहा आठवडे खेळ बंद. तुम्ही उजव्या हाताने टाकत असाल तर डाव्या शूजचा तळ बघा, आणि पहिला बॉल टाकायच्या आधी दोन-तीन वेळा रिकाम्या हाताने अॅप्रोच करून (रेघेपर्यंतची पावलं टाकून) पाय सरकतोय ना बघा. तळ ओला असेल तरी चिकटतो, पाणी सांडलेल्या जागेवरून आलात तर पुसा. आणि पहिल्या दिवशी दोनच गेम, तिसरा खेळावासा वाटला तरी.

परतलेला_गडी
सगळ्यांचे खरंच आभार. काल बॉल काढला, ब्रिजवर नख फिरवलं आणि मध्येच अडकलं, उजेडात धरल्यावर केसाएवढी रेघ दिसली, दोन्ही भोकांना जोडणारी. वाईट वाटलं, बरीच वर्षं साथ दिलेली त्याने. आज सेंटरचा १३ पौंडी घेऊन दोनच गेम खेळलो, १३१ आणि १४४, दुसऱ्यात सहा स्पेअर, त्यातले दोन दहा नंबरच्या पिनेचे. अंगठा दुखत नाहीये. शनिवारी हात मोजायला जातोय.

तेलकट_लेन
दुपारनंतर जा, सकाळी बोटं थोडी सुजलेली असतात बऱ्याच जणांची. आणि थोडं खेळून मग मोजून घ्या.