वनकायद्यातील दुरुस्ती निरुपद्रवी आहे काय?

राजापूरकर : काल येथे एका सदस्याने लिहिले की, 2023 ची वनकायदा दुरुस्ती म्हणजे केवळ सरकारी दप्तरातील घोळ निस्तरण्याचा प्रयत्न असून तिला विरोध करणारे लोक पंख्याखाली बसलेले निसर्गप्रेमी आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन आदेशाने, मालकी कोणाचीही असो, प्रत्यक्षात जंगल असलेल्या जमिनीला 1980 च्या वन संवर्धन कायद्याचे संरक्षण दिले होते. दुरुस्तीने ते अधिसूचित वनांपुरते आणि 25 ऑक्टोबर 1980 पासून सरकारी नोंदीत वन म्हणून असलेल्या जमिनींपुरते आखडले. आमच्याकडील ज्या देवराया व खासगी राने अशा कोणत्याच नोंदीत नाहीत, त्यांचे काय? राखीव जंगलाचा सलग पट्टा एका घावात तुटत नाही; आधी कडेचे खासगी रान जाते, मग मधून रस्ता निघतो, आणि अभयारण्याबाहेरील वनात सरकारी सफारी उभारण्यास तर कायद्यानेच सूट मिळाली आहे. संसदेच्या संयुक्त समितीत काही सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या, तरी विधेयक जसेच्या तसे पुढे गेले.

करमाळ्याचा शेतकरी : संरक्षणाचे गोडवे आम्हाला ऐकवू नका. 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले, तेव्हा सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतील सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात ओढले गेले. त्यात आमची शेते आणि गावठाणेही होती. थोरल्या काकांना मुलीच्या लग्नासाठी जमीन विकायची होती, पण खरेदीखत होईना, म्हणून शेवटी सावकाराचा उंबरा झिजवावा लागला. पुढे ते क्षेत्र बाराशेच्या आसपास आणले, तेव्हाही तुमच्यासारख्यांनी अभयारण्य फोडल्याची ओरड केलीच होती.

राजापूरकर : आपल्या काकांबद्दल सहानुभूती आहे, परंतु येथे विषय वनांचा आहे, माळरानाचा नव्हे. शिवाय त्याच अभयारण्यातील नान्नजचा माळढोक आज जवळजवळ दिसेनासा झाला, त्याचे काय?

करमाळ्याचा शेतकरी : तो आमच्या विहिरींमुळे गेला, असे म्हणायचे असेल तर सरळ म्हणा. माळावरून विजेच्या तारा कोणी ओढल्या? उसाला पाणी कोणी दिले, आणि तो साखर कारखान्यात नेऊन गाळला कोणी? पक्ष्याचा हिशेब मात्र जिरायती शेतकऱ्याच्या नावावर मांडायचा, ही तुमची जुनीच रीत आहे.

वकिली बाणा : दोघेही माळढोकावर भांडत बसलात. 19 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन राज्यांना तूर्त 1996 चीच व्याख्या पाळण्यास सांगितले असून, सफारीलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय मंजुरी नाही. अभयारण्यांना 1972 चा वन्यजीव कायदा आहेच. तेव्हा राजापूरकरांचा आकांत अवेळी आहे.

धानोऱ्याहून : अंतरिम आदेशाच्या भरवशावर जंगल सोपवणाऱ्यांनी एकदा गडचिरोलीत यावे. नक्षलग्रस्त भागात सुरक्षा दले आणि सार्वजनिक सुविधांसाठी पाच हेक्टरपर्यंत सूट या दुरुस्तीने दिली. माझ्या मामाच्या गावाने तेंदूपाने आणि बांबूच्या उत्पन्नावर मुले शिकवली. त्या रानात असा तुकडा पाडताना ग्रामसभेला कोण विचारणार? 2009 मध्ये आमच्याकडील मेंढा-लेखा गावाला सुमारे अठराशे हेक्टरवर सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा हक्क, मिळाला, तो वनखात्याच्या कृपेने नव्हे, वर्षानुवर्षे भांडून. राजापूरकरांचाही मला राग येतो, कारण त्यांच्या लांबलचक लिखाणात झाडे आहेत, नोंदी आहेत, माणूस कोठेच नाही.

राजापूरकर : ग्रामसभा मी विसरलो नाही, सगळेच एका दमात लिहिता येत नाही. 2022 च्या वन संवर्धन नियमांनी वनहक्कांची पूर्तता तपासण्याचे काम केंद्राच्या मंजुरीनंतर राज्यांवर ढकलले, ते मला या दुरुस्तीइतकेच घातक वाटते. वकिलांना मात्र विचारतो, अंतिम निकाल विरुद्ध गेला तर तोवर तोडलेले रान कोणत्या कलमाखाली परत मिळेल?

वकिली बाणा : कोणत्याच नाही. एवढा मुद्दा आपला, अभिनंदन.

करमाळ्याचा शेतकरी : अभिनंदन झाले असेल तर माझेही ऐका. देवरायांना आणि ग्रामसभेच्या रानाला धक्का लागू नये, हे मला मान्य आहे. मी काही राक्षस नाही. दुरुस्तीविरुद्ध तुम्ही निवेदन काढाल तर त्यावर सहीही करीन, पण अभयारण्यात ज्याची शेती अडकते त्याला किती महिन्यांत मोबदला किंवा परवानगी मिळेल, हे त्यात आधी लिहून दाखवा.