नोकरीतील पोशाख मालकाने ठरवावा का?

प्रश्न: पुण्यातील एका खासगी कंपनीत मी लेखापाल आहे. ग्राहकांशी संबंध येत नसतानाही साडी किंवा पंजाबी ड्रेसच घालावा, असा आदेश केवळ स्त्री कर्मचाऱ्यांसाठी निघाला आहे. तो कायदेशीर आहे का?

उत्तर १: खासगी नोकरीतील पोशाखाविषयी भारतात स्वतंत्र कायदा नसल्याने नेमणूकपत्र आणि सेवानियम आधी तपासावेत. सरकारी नोकरीतही बंधने असतातच. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांना जीन्स व टी-शर्ट वापरण्यास मनाई केली होती. जीन्सवरील बंदी मात्र पुढे मागे घ्यावी लागली!

उत्तर २: सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयीच्या २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात पोशाखातून लिंगओळख व्यक्त करणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. परंतु मूलभूत हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध बजावता येतात, त्यामुळे खासगी कंपनीपुढे या निकालाचा थेट उपयोग मर्यादित आहे.

उत्तर ३: फिरत्या यंत्राजवळ ओढणीला मनाई असेल तर तिचे कारण उघड असते. ताई, आपल्याकडील आदेशाला तसे कारण दिसत नाही, आणि पुरुषांना तो लागू नाही, हाच माझ्या मते त्याचा सर्वांत कच्चा दुवा आहे. मनुष्यबळ विभागाकडे लेखी खुलासा मागावा आणि त्याची पोच घ्यावी.